टेम्पोच्या कपाळावरची देवी

टेम्पोतून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची खेप उतरवताना आमच्या ह्यांचा मणका सरकला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "आता गाडी चालवणं बंद. ओझं उचलण्याचं तर नावच काढायचं नाही. दुपारी दोन तास जमिनीवर चटई घालून उताणं पडायचं. पुन्हा वजन उचललंत तर पायातली ताकद जाईल, मग माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही."

एवढं ऐकून बाहेर आल्यावर आमचे हे काय म्हणाले असतील? "डॉक्टर वायच घाबरट दिसतोय."

पोटाची काळजी नव्हती. मी गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते, काजूची थोडी कलमं आहेत, मुलगी मुंबईत नोकरीला लागलेली. काळजी होती ती दारातल्या खळ्यात उभ्या असलेल्या टेम्पोची. रोज सकाळी उठून हे त्याची काच पुसणार, इंजिन चालू करणार, विचारलं तर "बॅटरी उतरते गो" म्हणणार. दुपारी मी चटई घालायची आणि ह्यांनी ती गुंडाळून भिंतीला उभी करायची, हा आमच्या घरातला नित्याचा कार्यक्रम. आणि फोन! सगळ्या पंचक्रोशीला ह्यांचा नंबर पाठ. "एकच खेप मार रे, तुझ्याशिवाय कोण हाय?" असं कोणी म्हटलं की आमचे हे लोण्यासारखे वितळलेच.

एकदा शाळेतून लवकर घरी आले तर हे टेम्पोच्या हौद्यात उभे राहून कोणाची तरी भाताची पोती लावत होते. मी इतकी ओरडले की खालच्या वाडीतली माणसं बघायला आली. संध्याकाळी हे विहिरीवरून येत होते. डाव्या पायातली चप्पल वाटेतच सुटून पडली आणि ह्यांना कळलंसुद्धा नाही. तसेच अनवाणी घरात आले. मी ती चप्पल उचलून आणली, ह्यांच्या पुढ्यात ठेवली.  त्या रात्री मी ठरवलं, आंबा तयार व्हायच्या आधी हा टेम्पो खळ्यातून गेला पाहिजे. आंबा सुरू झाला की बागायतदारांचे फोन सुरू होणार, मग ह्यांना बांधून ठेवलं तरी हे थांबायचे नाहीत.

मुलीने मोबाइलवर जाहिरात टाकली आणि माझ्या आयुष्याचा शिमगा सुरू झाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, डायरेक्ट "लास्ट किती?" अरे, फर्स्ट तरी विचार! एकाने टेम्पोचे सतरा फोटो मागवले आणि शेवटी लिहिलं, "मला स्कूटर पाहिजे होती." एकजण टेम्पोच्या बदल्यात दोन म्हशी द्यायला तयार होता, वर "दोन्ही गाभण आहेत" असं आमिष. जे प्रत्यक्ष येत ते चहा पीत, टायरांना लाथा मारत, "बघू, कळवतो" म्हणत आणि जात. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "कळवतो" म्हटलं की समजायचं, आटपलं.

चिपळूणहून एकजण आला. त्याने आल्या आल्या केबिनमधलं मॅटिंग उचललं आणि नाक खाली घालून हुंगायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुरात होती काय ते बघतो. आमच्याकडे पाण्यातून काढलेल्या गाड्या पॉलिश करून विकतात."

"अहो, आमचा गाव डोंगरावर. इथे पूर यायचा तर आधी रत्नागिरी बुडायला पाहिजे!"

तो हसला, पण हुंगायचं काही सोडलं नाही. मग चालवून बघायची वेळ आली. आमच्या खळ्यातून रस्त्यापर्यंत जायला दोन दगडी गडग्यांमधली चिंचोळी पाणंद आहे, आणि टेम्पो उलटाच बाहेर काढावा लागतो. ह्या गृहस्थांनी दोनदा गडग्याचे दगड पाडले आणि खाली उतरले. शेवटी आमचे हे कमरेचा पट्टा आवळून चढले आणि एका झटक्यात गाडी रस्त्याला लावली. उतरले तेव्हा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, पण डोळ्यांत काय ती ऐट! प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी हेच. गाडी बघायला माणूस यायचा आणि कंबर माझ्या नवऱ्याची जायची.

तरीही दोघांतिघांशी भाव जमला. आणि प्रत्येक वेळी गाडी एकाच ठिकाणी अडली. ते ठिकाण म्हणजे टेम्पोचं कपाळ.

टेम्पो घेतला तेव्हा समोरच्या काचेवरच्या पत्र्यावर ह्यांनी आमच्या ग्रामदेवतेचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ह्यांचं अक्षर सुंदर. गावच्या नमनाच्या खेळाचे पडदे आणि बोर्ड हेच रंगवायचे. लाल ऑइलपेंटने नाव, त्याला पिवळी कड, दोन्ही बाजूंना कमळ. लांब वळणावरून टेम्पो येताना आधी देवीचं नाव दिसायचं, मग गाडी.

लांज्याचा एक काजूवाला आला. त्याला इंजिन पटलं, भाव पटला, माझा चहासुद्धा पटला. विसार द्यायला खिशात हात घातला आणि म्हणाला, "एवढं नाव तेवढं खरवडून द्या. मला आमच्या देवाचं लिहायचंय."

आमचे हे म्हणाले, "मी नाय खरवडणार. घेतल्यावर तुमचं तुम्ही काय ते करा."

"मी कसा हात लावू? देवी तुमची. उद्या घाटात काही झालं म्हणजे?"

"आणि मी हात लावला नि मला काय झालं म्हणजे?"

"रंगाऱ्याकडून काढून घ्या," मी मध्येच बोलले. तर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवळात चपला घालून शिरले. "रंगाऱ्याला काय पोरंबाळं नायत?" काजूवाला म्हणाला. त्याने रिकामा हात खिशातून काढला, आणि म्हणाला, कळवतो.

दुसऱ्याचं तसंच, तिसऱ्याचं तसंच. गाडी घ्यायला सगळे तयार, नाव काढायला कोणी तयार नाही, आणि परक्या देवीचं नाव कपाळावर घेऊन फिरायलाही कोणी तयार नाही. बाहेर आंब्याच्या कलमांना मोहोर धरलेला, बारीक फळाची कणी सुटायला लागलेली. मला झोप लागेना. एकदा मीच पत्र्याचा तुकडा घेऊन टेम्पोसमोर स्टुलावर चढले. म्हटलं, बाये, माफ कर, पण माझ्या माणसाच्या पायांचा प्रश्न आहे. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आपणही त्यातलेच की!

शेवटी मी म्हटलं, "कौल लावू. देवीलाच विचारू, नाव ठेवायचं का काढायचं. ती सांगेल ते करू." आमचे हे लगेच तयार झाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आमच्या देवळात गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी देवळात आम्ही तिघंच. गुरवाने कळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला आणि ह्यांना विचारलं, "काय गाऱ्हाणं घालू?"

आमचे हे देवीकडे बघत म्हणाले, "मी आंब्याला गाडी चालवू काय, ते विचार."

मी म्हटलं, "अहो!" पण देवळात भांडायचं कसं? गुरवाने सुरुवात केलीच होती. "बाये माय, ह्यो तुझा लेकरू तुझ्या दारात उभा हाय. आजपातूर तुझं नाव पुढं घेऊन रस्ता तुडवलान. आता ह्याची कंबर गेली. तरी ह्येचा जीव गाडीत हाय. ह्यानं पुन्हा गाडीवर बसायचं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, आणि काय ते निश्चित सांग!"

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणूस लागतो. तिथे मी सोडून होतं कोण? माझ्या नवऱ्याचे पाय त्या कळीला टांगलेले आणि माझ्याच तोंडून वदवून घेतलं, "व्हय म्हाराजा!"  ह्यांचा इतका राग मला लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता. आणि भीती तर त्याहून जास्त. उजवी पडली तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

कळी हलेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, मी पुन्हा व्हय म्हाराजा म्हटलं. उजवीकडची कळी जरा खाली सरकली आणि तिथेच थांबली.  मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गुरव खाली वाकून डावी कळी उचलत होता.

"डावी," तो म्हणाला आणि ती कळी ह्यांच्या हातावर ठेवली.

ह्यांनी कळी मुठीत धरली.  मग म्हणाले, "बरं." एवढंच. घरी येताना वाटेत मी चालणं मुद्दाम हळू केलं. मागून ह्यांच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा मागे वळून बघितलं नाही. राग कुठल्या कुठे गेला होता.

घराशी आल्यावर मला आठवलं, "अहो, नावाचं विचारायचं राहिलंच की!"

"एका दिवशी दोन प्रश्न विचारीत नायत," हे म्हणाले.

त्यानंतर इंजिन सकाळी चालू झालं नाही. पण चटईही भिंतीलाच उभी राहायची. नुसते खळ्यात बसून टेम्पोकडे बघत राहायचे, ते मला जास्त लागायचं.

शिमगा जवळ आला होता. एके दिवशी एसटीतून एक बाई उतरल्या, केसांत अबोलीचा वळेसर, खांद्याला पर्स. बंदरावरच्या. मासळीचा धंदा. बर्फाच्या पेट्या घेऊन बाजार करायला स्वतःची गाडी हवी होती.

"चालवणार कोण?" ह्यांनी विचारलं.

"मी. आणखी कोण?"

आमचे हे माझ्याकडे बघून किंचित हसले. म्हटलं, हसा, गडगे आहेतच. पण त्या बाईंनी आधी पाणंदीतून चालत एक फेरी मारली, गडग्यांवर हात ठेवून अंदाज घेतला, मग केबिनमध्ये चढल्या, मान बाहेर काढली आणि टेम्पो उलटा रस्त्यापर्यंत नेला. दगड पडला नाही. ह्यांचं हसू गेलं. जरा वेळाने म्हणाले, "क्लच हलका सोडते."

भाव ठरला. मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले, आता कपाळाची पाळी. तर आमच्या ह्यांनीच नवीन खुसपट काढलं, "पण गाडीत मासळी भरणार. आमच्या देवीला चालेल काय?"

"न चालायला काय झालं?" मी भडकले. "जत्रेला तिच्या दारात कोंबडा कापता तो काय पपईचा असतो?"

बाई खो खो हसल्या. मग टेम्पोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, चप्पल काढली आणि नावाला हात जोडले.

"नाव खरवडायचं असेल तर..." हे अडखळले.

"खरवडता कशाला?" बाई म्हणाल्या. "तुमची डोंगरावरची, आमची बंदरावरची. देव्या सगळ्या बहिणीच ना? वर थोरलीचं राहू दे, ती आधी आली. खाली आमचीचं लिहू, जागा हाय. दोघी दोघींना सोबत." आणि ह्यांच्याकडे वळल्या. "अक्षर मात्र असंच पायजे. कोणी लिहिलंय?"

महिनोन्‌महिने मोठमोठी माणसं जिथे अडून बसली, तिथे हे इतकं सोपं होतं! मला हसावं का रडावं कळेना.

आमचे हे म्हणाले, "मी लिहिलंय. मीच लिहितो."

माळ्यावरून नमनाचे ब्रश काढले. मी स्टूल दिलं, कमरेचा पट्टा आवळून दिला, कंबर न वाकवता लिहायचं अशी तंबी दिली. दुपारभर ह्यांनी ते नाव लिहिलं. तोच लाल, तीच पिवळी कड. बाई सावलीत बसून माझ्याबरोबर कोळंबीच्या भावावर बोलत होत्या. संध्याकाळी ह्यांनी आपणहून चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "घाटात दुसऱ्या गिअरला वायच हट्ट करते. दम देऊ नका, गोंजारा."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी पदर तोंडाला लावला. मीच काढायला निघाले होते त्याला, आणि मीच रडत होते.

आंबा सुरू झाला. पहिला फोन आलाच, वरच्या बागेतल्या बागायतदाराचा. मी चुलीपाशी कान टवकारून उभी.

"गाडी विकली," हे म्हणाले. "नाय, खेप नाय मारता येणार. एक नंबर देतो, घ्या लिहून. बाईमाणूस हाय, पण गाडी माझ्यावाणी काढते. कपाळावर आपल्या देवीचं नाव दिसेल, तीच गाडी."

फोन ठेवला. जरा वेळ खळ्यात टेम्पोच्या जागेकडे बघत बसले. तेलाचा डाग होता तिथे, बाकी काही नाही. मग आत आले, कमरेचा पट्टा सोडून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "चटई घाल गो."