गोधडीचा राहिलेला कोपरा

बायांनो, आज कोणाशी तरी बोलावंसं वाटते, म्हणून तुम्हा गोधडीवाल्यांनाच सांगते.

लढाईपायी कापड मिळून नाही राहिलं, तर मी चिंध्या जोडून गोधडी शिवत होती. एकच कोपरा राहिला होता. तिथं माझ्या गेलेल्या लेकीचं झबलं लावायचं मनात होतं. सासू भडकली.

"मेल्या लेकराचा कपडा अंथरुणात काऊन लावून राहिली वं?"

मी झबलं मांडीखाली दडवलं.

तेवढ्यात तणसाच्या ढिगातून बारीक म्याव ऐकू आलं. मांजरीला कालच कुत्र्यांनी फाडलं होतं. तिचं एकच पिल्लू जिवंत होतं, थंडीनं गारठलेलं. चिंध्या साऱ्या गोधडीत लागल्या होत्या, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून झबल्यातच गुंडाळलं. कापसाच्या वातीनं बकरीचं दूध पाजायला गेली, तर ते दूध सोडून झबलंच चोखू लागलं. माझं दूध आटून वर्ष झालं, तरी छाती दुखली.

दुपारी पिल्लू गेलं. झबल्यासकट परसात पुरलं. सासू दारातून पाहून राहिली होती.

परत आली, तर सासू गोधडीजवळ बसलेली. तिच्या हातात पिवळं पडलेलं एक छोटंसं अंगडं होतं, तिच्या पेटीच्या तळातलं.

"हे लाव त्या कोपऱ्यात. तुया नवऱ्याच्या आधी झाला होता तो."

या घरात त्याचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. मी टाके घालत राहिली, ती सुईत दोरा ओवून देत राहिली.

बायांनो, तुमच्या सासूच्या पेटीत तळाशी काय आहे, कधी विचारलं का?