नऊच्या पायाखालची जमीन

दवाखान्याच्या कापडखोलीत बावीस वर्षं बसलेल्या त्या बाईंना सगळे टाकामावशी म्हणत. प्रत्येक चादरीच्या, प्रत्येक अभ्र्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचा आकडा घालायचा, हे त्यांचं काम. शाई चार धुण्यांत उडते. मावशींचा टाका चादर विरली तरी हलायचा नाही.

पण न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं, बोटं मात्र हट्टाला पेटली. सुई सरळ रेषेत चालायची, वळवायला गेलं की कळ थेट कोपरापर्यंत! आणि आपले आकडे बघा ना. तिनाला दोन पोटं, पाचाला शेपूट, आठ वाकलेला. निदान एक तरी सरळ असावा, तर तोही मुंडी वळवूनच उभा. एकाचीही चाल सरळ नाही.

"नव्या चादरी आल्यात, मावशी," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोमवारी बघते. नाहीच जमलं तर बाहेर मशीनवर देऊ. तुम्ही आपला घरी आराम करा."

बाई बोलल्या मायेने, पण मावशींना ते पटेना. सुनेला नववा महिना लागला होता आणि नाव याच दवाखान्यात, नऊ नंबरच्या वॉर्डात घातलं होतं. नातवंड आपण टाका घातलेल्या चादरीवर निजावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बावीस वर्षं लोकांच्या लेकरांसाठी बोटं टोचून घेतली आणि आपल्या वेळेला मशीन? छे!

सुई हातात धरून त्या भिंतीकडे बघत बसल्या. भिंतीवर जुनं घड्याळ होतं. इतकी वर्षं त्याच्याकडे बघितलं होतं, पण आज त्यातले आकडे दिसले. नुसत्या काड्या आणि फुल्या! वळण औषधालाही नाही. एक म्हणजे एक काडी, पाच म्हणजे खाली जुळलेल्या दोन तिरप्या काड्या, दहा म्हणजे एक फुली. आणि वॉर्डही नेमके बारा.

"अहो, ते घड्याळ बंद आहे," पलीकडून इस्त्रीवाले ओरडले.

"मला कुठे वेळ बघायचीय!" म्हणून मावशींनी सुईत दोरा ओवला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत साठ चादरी झाल्या. घरी जाताना त्यांनी बाराही आकडे घातलेली एक चिंधी पिशवीत टाकली आणि रविवारी दुपारी मोठ्या तोऱ्यात सुनेपुढे पसरली. सून शाळेत शिकवायची. तिने चिंधी बघितली, पोटाला हात लावला आणि हसत सुटली.

"आई, अहो, पाच, सहा, सात डोक्यावर उभे केलेत की!"

"घड्याळात तसेच आहेत!" मावशी फणकारल्या. "आडवे पडलेले तेवढे मी उभे करून घेतले."

"घड्याळात सगळ्यांचे पाय मधल्या खिळ्याकडे असतात. म्हणून खालचे उलटे दिसतात."

मावशींचा चेहरा उतरला. मग त्यांनी चिंधी गर्रकन फिरवली. सहा सुलटा! चादरीला कुठे आलंय डोकं नि पाय? दोघी पुन्हा हसल्या.

सुनेने मग या रोमन आकड्यांची सगळी गंमत उलगडून सांगितली. काडी फुलीच्या नंतर आली तर एक वाढतो, म्हणून XI अकरा. आधी आली तर एक कमी होतो, म्हणून IX नऊ.

"म्हणजे मोठ्यांच्या पुढे पुढे केलं की नुकसान," मावशी म्हणाल्या आणि नऊवर बोट ठेवून चिंधी पुन्हा फिरवली. बोट तिथेच थिजलं. काडी पलीकडे गेली होती. "अगं बाई! नऊचा अकरा झाला!"

आता मात्र दोघींचं हसू पळालं. नऊ नंबर बाळंतिणींचा वॉर्ड, अकरा नंबर हाडं मोडलेल्या पुरुषांचा. चादरी रोज उलटसुलट घड्या होऊन यायच्या. एक जरी अदलाबदल झाली तरी मेट्रनबाई मशीनवाल्याला बोलावणार.

मावशींनी चष्मा पुसला, चिंधी मांडीवर ओढली आणि प्रत्येक आकड्याखाली एक आडवा धावदोरा घातला. सरळच होता तो, हात कुरकुरला नाही.

"ही जमीन," त्या म्हणाल्या. "आता कोण डोक्यावर उभा राहतो बघू."

सोमवारी पहाटेच जाऊन त्यांनी साठही चादरींना जमीन दिली. मेट्रनबाईंनी गठ्ठ्यातून एक घडी ओढली, ती नेमकी उलटी.

"अकरा?"

"आधी जमीन शोधा, बाई."

रेघ वर होती. बाईंनी चादर फिरवली. "नऊ," त्या म्हणाल्या. मग आणखी दोन उलट्या घड्या काढून फिरवल्या आणि त्यांनाही हसू फुटलं. "मशीनवाल्याला नको म्हणून कळवते. पण वॉर्डातल्या सगळ्यांना हे बाराही शिकवा हं."

तीन आठवड्यांनी दुपारी मावशी धावतच नऊ नंबरमध्ये शिरल्या. नात झाली होती! लालबुंद, मुठी आवळलेली, सुनेच्या कुशीत गाढ झोपलेली. डोळ्यांना पदर लावून त्या नुसत्या बघत राहिल्या.

सून थकली होती, पण डोळ्यांत मिश्कीलपणा होता. बाळाखालच्या चादरीचा कोपरा चाचपून तिने रेघ शोधली.

"नऊच आहे, आई," ती म्हणाली. "मी आल्या आल्या बघितलं. अकरात आम्हाला कोण घेणार होतं?"