दरवानाने दार का उघडलं

उधव्याच्या आमच्या पाड्यावर टीव्हीत दिसलेला माणूस एकच, आणि तो माझा सख्खा भाऊ लाहू. त्याला शूटिंगवर पहिल्यांदा मीच नेला, माझ्या जीपमधून. मी सातवी पास, पण उधवा ते तलासरी रस्त्याला मला ओळखत नाही असा माणूस दाखवा.

बॉर्डरच्या पलीकडे, गुजरातच्या बाजूला, मोठे सेट आहेत. राजवाडे, किल्ले, सगळं प्लायवूडचं. तिथे सैनिक म्हणून माणसं लागतात. लाहू किती दिवस भाला धरून उभा राहिला आणि किती वेळा मेला त्याचा हिशोब नाही. मग एका साहेबाला त्याची मिशी आवडली, आणि त्याला जादूच्या सिरीयलमध्ये किल्ल्याचा दरवान केला. राजावर सुटलेला बाण या दरवानाने आपल्या खांद्यावर घेतला, तेव्हा तलासरीच्या बाजारात लोकांनी मला चहा पाजला.

आता बाबांचं सांगतो, तरच पुढचं कळेल. आमचे बाबा कथा सांगणारे. धान घरात आलं की लांबलांबचे पाडे त्यांना बोलवायचे. आमच्यात कथा एकट्याने होत नाही. समोर एक जण हुंकारा द्यायला बसतो. ओळ पडली की तो 'हं' करणार, मग पुढची ओळ. गोष्ट जुळली नाही तर तो गप्प. मग सांगणारा कितीही मोठा असो, त्याने मागे जायचं आणि नीट करून सांगायचं.

बाबांसमोर लाहूच बसायचा. पोरगा होता तेव्हा एकदा मध्येच गप्प झाला.

"काय रे, झोपला?" बाबा बोलले.

"राणी सवतीच्या पोराला विहिरीत ढकलते. पण सकाळी तिनेच त्याला जेवायला घातलं ना? मध्ये काय झालं?"

सगळे हसले. बाबा नाही हसले. घाईत मधला एक तुकडा राहिला होता, तो मागे जाऊन सांगितला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाला समोर बसवलं नाही. मलाही नाही. तसा मी बोलणारा माणूस, ऐकणारा नाही.

मागच्या साली बाबांना लकवा मारला. कासाच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवं अंग गेलेलं, शब्द गेलेले. राहिला फक्त हुंकारा. भात वाढू? हं. नको असेल तर गप्प. संध्याकाळी मी त्यांची खाट टीव्हीसमोर ओढायचो. दरवान काही बोलला की बाबा 'हं' करायचे.

"तुमच्यापेक्षा सिरीयलला जास्त हुंकारा मिळतो," माझी बायको निर्मला मला टोमणा मारायची.

आणि एका संध्याकाळी त्याच दरवानाने राक्षसिणीला किल्ल्याचं दार उघडून दिलं. आदल्या दिवशी राजासाठी रडत होता, आज हसत हसत कडी काढली. राजा मेला. बाबांनी हुंकारा दिला नाही, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

लाहू घरी आला. "बाबा, जेवले?" गप्प. "पाणी देऊ?" गप्प. मी विचारलं तर हं. लाहूने विचारलं की गप्प. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका आला की संपलं. लाहूला ते माहीत होतं.

मी त्याला घेऊन सेटवर गेलो, लिहिणाऱ्याला भेटायला. मी असल्यावर कोण अडवतो. लिहिणारा कोवळा पोरगा, मांडीवर लॅपटॉप, ठाण्याचा निघाला.

"साहेब, दरवानाने दार का उघडलं?" लाहूने विचारलं.

"अरे, राजावाल्या हिरोला दुसरी सिरीयल मिळाली. त्याला मारायचा होता."

"ते राजाचं झालं. दरवानाचं काय?"

"दरवानाचं कोण विचारतो?"

"आमचा बाप विचारतो," मी बोललो.

पोरगा हसला. "मग सोन्याची लालच लाव. नाहीतर वशीकरण. तुला आवडेल ते. तसा उद्या तू पण मरतोस."

म्हणजे काम पण गेलं.

मग लाहू रोज खाटेजवळ बसून कथा सांगायला लागला. दरवानाला सोनं दिलं म्हणून सांगितलं. बाबा गप्प. राक्षसिणीने मंत्र टाकला म्हणून सांगितलं. बाबांनी डोळे मिटले.

"एक कडक कारण लाव," मी बोललो. "राजाने त्याच्या भावाला मारलं होतं म्हणून सांग."

"मग त्याने राजाचा बाण का झेलला, दादा?"

मी जीप पुसायला निघून गेलो. बोलणं अर्धं टाकून मी असा फार वेळा जात नाही.

एका दुपारी मी दारात होतो. लाहू बाबांचा हात धरून हळू बोलत होता. "दरवानाचा बाप घरी खाटेवर पडलेला. बापाचं औषध दरवानाच्या हजेरीवर चालायचं. दरवानाने विचारलं, दार का उघडू? साहेब लोक बोलले, कारण नाही, हस आणि उघड, नाहीतर उद्यापासून येऊ नको. मग त्याने उघडलं, बाबा."

बाबा त्याच्याकडे बघत होते. लाहू थांबला होता. चुलीवर पाणी खळखळत होतं, तेवढाच आवाज.

मला राहवलं नाही. मी दारातूनच मोठ्याने "हं" केलं.

लाहूने मागे वळून पण बघितलं नाही. "तुझा नको, दादा."

त्याच आठवड्यात बाबा गेले. मातीला आलेली रखमी आत्या लाहूला बोलली, "पोरा, हुंकारा त्यांच्या मनात होता रे. अंगात ताकद नव्हती."

"त्याच दिवशी सकाळी दादाने भाताचं विचारलं तेव्हा होती," लाहू बोलला.

सेटवरून पुन्हा फोन आला, सैनिकाचं काम होतं. लाहू गेला नाही. आता डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाडीत जातो.

यंदा धान आलं तेव्हा वेवजीचा एक कथेकरी आला. लाहूला मान देऊन समोर बसवलं. पहिली ओळ पडली. अख्खा पाडा वाट बघत होता. कथेकऱ्याने तीच ओळ पुन्हा सांगितली. लाहू उठला, बाहेर गेला आणि माझ्या जीपला टेकून अंधारात उभा राहिला.

त्याच्या जागी मी बसलो. शेवटपर्यंत हुंकारा दिला, एका ओळीला पण चुकलो नाही. कुणालाही विचारा.