आशय ऱ्हाऊ दे, सर

आमच्या चित्रपट मंडळाच्या भानगडी मी कुणाला सांगत नव्हतो. पण तो गाण्यांचा सिनेमा लावल्यापासून भाजी आणायला गेलो तरी कुणीतरी नवा किस्सा ऐकवतं, आणि त्यात येडा मीच असतो! म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. बावीस वर्षांपूर्वी शाहूपुरीत, आप्पा चौगुल्यांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये हे मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी एक गंभीर सिनेमा, मग सक्तीची चर्चा, आणि चर्चा झाल्यावरच मिसळ. मिसळ माझी बायको शालन घरून करून आणायची, सिनेमा संपता संपता. आधी मिसळ दिली की माणसं जिना उतरून पळतात, हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

*

चर्चेत प्रत्येकानं एक तरी वाक्य बोलायचं, असा नियम; ती वाक्यं मी मंडळाच्या वहीत लिहून ठेवायचो. आमचे माने एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. ते टायटल संपायच्या आत घोरायला लागायचे. एकदा दोन तास एक म्हातारा विहीर खणतो, असा सिनेमा होता. मी मान्यांना हलवून उठवलं. ते उभे राहिले, डोळे चोळले आणि म्हणाले, "घोड्याचं काम झकास झालंय, सर."

सिनेमात घोडा नव्हता. दोघांनी अनुमोदन मात्र दिलं.

*

मागच्या पावसाळ्यात आप्पांनी मला दुकानात बोलावलं. साठ खुर्च्यांत अकरा माणसं बसतात, हे त्यांनी मोजलं होतं. त्यातच झुंबा क्लासवाल्या बाईंनी हॉल मागितला होता. आप्पा म्हणाले, "सर, येत्या रविवारी खुर्च्या भरल्या तर हॉल तुमचा. न्हाईतर बायका नाचूद्यात की."

निम्मं आयुष्य मी त्या हॉलमध्ये घातलं होतं. घरी येऊन सगळं शालनला सांगितलं.

*

मंडळाच्या कमिटीनं मला न विचारता तो गाण्यांचा सिनेमा ठरवला. त्याची तऱ्हा अशी: आमच्या तरुणपणी रिक्षात, लग्नात, गणपतीपुढं वाजणारी पॉप गाणी घ्यायची, आणि ती बसवायला मध्ये मध्ये गोष्ट. म्हणजे पोरीची नोकरी जाते, गाणं. स्कूटर बंद पडते, गाणं. बाप आयसीयूत जातो, तिथं नर्सा नाचतात! आणि बाप बरा होतो की, औषधाविना. शेवटी सगळं गाव हसतं. कशाला हसतं, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. कॅसेटच्या कव्हरवरची यादी पुढ्यात घेऊन त्यानं कथा लिहिली असणार.

मी कमिटीला म्हणालो, ही कला नव्हे, हा ऑर्केस्ट्रा आहे. कमिटी म्हणाली, "व्हय, म्हणूनच."

*

रविवारी साडेनवालाच जिना भरला. माने गगनबावड्याहून बारा पावणं घेऊन आले. आणि शालन! बावीस वर्षांत जी मिसळीच्या वेळेलाच वर यायची, ती सव्वानवाला पहिल्या रांगेत. मिसळ कुठाय विचारलं, तर म्हणाली, आज बाहेर सांगितलीय.

स्कूटरच्या गाण्याला शेजारचे निवृत्त हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत होते. काय झालं विचारलं, तर म्हणे ह्या गाण्याच्या दिवसांत त्यांची मंडळी पहिल्यांदा त्यांच्या स्कूटरवर बसली होती. आता सांगा, ह्यात दिग्दर्शकाचं काय कर्तृत्व? पण हेडमास्तरांना हे पटेना.

माने शेवटपर्यंत जागे होते. हे मला जास्त लागलं.

*

सिनेमा संपला. मी माइक घेतला आणि मुद्दाम पहिला प्रश्न टाकला, की ह्या चित्रपटाचा आशय काय? हॉल गप्प. मला बरं वाटलं. मग माने उठले. "आशय ऱ्हाऊ दे, सर. तिसरं गाणं परत लावा की."

टाळ्या पडल्या. गाणं लागलं. माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली, आणि त्या गोंधळातून आप्पा माझ्यापाशी आले. झुंबाच्या बाईंना त्यांनी नकार कळवला होता. मी त्यांचा हात धरला. खरंच डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आप्पा म्हणाले, "हॉल तुमचा, सर. फकस्त दर रविवारी ह्योच लावायचा."

मी त्यांना म्हणालो, मग मी राजीनामा देतो. तत्त्वाचा प्रश्न आहे. ते ऐकायला तिथं थांबलेच नाहीत, मान्यांच्या पावण्यांत जाऊन नाचायला लागले.

मंडळाची वही शालनच्या मांडीवर होती. बसलेली ती एकटीच, पेन हातात. मी तिच्याजवळ गेलो, म्हटलं, आण इकडं, राजीनामा लिहितो.

तिनं मान वर केली नाही.

"अहो, थांबा की जरा. हे कडवं लिहून होऊ दे."