साहेबांचं काम

जाफराबादहून जालन्याला निघालेल्या जीपमध्ये त्या मावशी माझ्या शेजारी होत्या. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता आणि त्याला डिंकाच्या लाडवांचा वास येत होता. मी लॅपटॉप उघडून लहानपणचा एक खेळ इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवत होतो. चित्र झकास दिसत होतं, पण संगीत तुटत होतं. इयरफोनचाच दोष असेल म्हणून तो काढला आणि स्पीकर मोठा केला. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा बफर, त्याचा आगाऊ साठा, वाढवायचा, तीच धून लावायची, पुन्हा खरखर.

खड्डा आला की मावशी न सांगता माझा लॅपटॉप धरायच्या.

“हापिसाचं हाय का?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. तोंडानं खोटं बोललो नाही, एवढंच काय ते समाधान.

त्यांचा फोन वाजला. दुसऱ्या कानावर तळहात दाबून त्या म्हणाल्या, “काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं. थांबा, हितं साहेबांचं काम चालू हाय. मंग बोलू.” फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्यांनी तो पदराखाली दाबून धरला.

अखेर धून स्वच्छ वाजली. “जमलं!” मी ओरडलोच.

“झालं का काम?” त्या मनापासून हसल्या आणि घाईघाईनं फोन लावला.

“हां जावईबापू, आता बोला. पोरगी मोकळी झाली का?”

ती धून बंद करायला मला बटण सापडेना.