शेजारची पुडी

त्या दिवशी कबड्डीच्या जुन्या मैदानात मी, आमची सून सुनंदा आन् सामन्यात हलगी वाजवनारे एक मामा, एवढेच हुतो. कबड्डीचे सामने नव्या स्टेडियमात गेले, तवापास्नं माज्या शेंगा खपंनात. तितं मानसं लांब खुर्च्यांवर गप बसत्यात. हलगी घुमत न्हाय म्हनून हलगीवाले मामा तितं जाईनात. हितंच जाळावर हलगी तापवायचे, वाजवायचे, मधीच थांबून मोकळ्या मातीला म्हनायचे, "दम धर की!"

त्या दिवशी त्यांनी शेंगांच्या दोन पुड्या घेतल्या.

"दुसरी कुनाला वो मामा?" सुनंदा हसली.

"शेजारी बसल्यात की त्यांना."

शेजारी कुनीच न्हवतं. मामा जागचे हलले न्हाईत. ते गेल्यावर आमी झाडाया गेलो, तर टरफलं त्यांच्या आन् शेजारच्या, दोन्ही जागी पडल्याली.

वाचनाऱ्यांनो, एक तरी सामना हितं भरवाय लावा. शेजारची मानसं वाट बघाय लागल्यात.