संगणकाने शब्द पाळला

नाटक मंडळीत सगळे त्यांना आवाजकाका म्हणत. विंगेतल्या कोपऱ्यात बसून नाटकातले आवाज देणं हे त्यांचं काम. दार लागण्याचा आवाज, काच फुटण्याचा, ढगांचा, दूरवर भुंकणाऱ्या कुत्र्याचा. पोटापाण्यासाठी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नोकरी केली आणि तिथून निवृत्तही झाले. पण तिथं नेमकं काय करत होता असं कुणी विचारलं, तर त्यांना थोडं आठवावं लागे. आवाजांचं तसं नव्हतं. कुठल्या नाटकात कुठलं दार कुणाच्या तोंडावर किती जोरात आपटलं होतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत.

हे सगळे आवाज त्यांनी स्वतः जागोजागी जाऊन टिपले होते आणि ते त्यांच्या संगणकात होते. हा संगणक म्हणजे टेबलावरचा जाडजूड जुना ऐवज. लॅपटॉप त्यांना मान्य नव्हता. "मिटतं ते पाकीट. यंत्र मिटत नसतं," असं त्यांचं म्हणणं. प्रयोगाच्या दिवशी हा डबा गाडीच्या पुढच्या सीटवर, खाली उशी घेऊन आणि पट्टा लावून बसे. काकू जात असत तेव्हा त्यांची जागा मागे.

"मला कधी एवढं जपून नेलं नाहीत," काकू म्हणत.

"तुला धक्का बसला तर तू बोलून दाखवतेस. ते बिचारं बोलत नाही."

काकूंनी नाटकाला जाणं केव्हाच सोडलं होतं. घरी तालमीच्या वेळी ढगांपासून कुत्र्यापर्यंत सगळं इतक्यांदा ऐकलेलं असे, की तिकडे जाऊन उरलंसुरलं काय बघायचं, असा त्यांचा सवाल होता.

आवाजकाकांची आवाज ठेवण्याची रीत जगावेगळी होती. संगणकाचा पडदा म्हणजे त्यांच्या लेखी रंगमंच. दारं डाव्या अंगाला, खिडक्या उजवीकडे. वर आभाळ, म्हणून ढग, वारा आणि पाखरं वर. खाली जमीन, म्हणून पावलं आणि फुटणारी भांडी खाली. उजवीकडे अगदी तळाच्या कोपऱ्यात घंटा. प्रयोग चालू असताना त्यांची नजर नटांवर असे आणि हात आपोआप योग्य जागी जाई. त्यामुळे आवाजांना नावं द्यायची त्यांना कधी गरजच पडली नाही. संगणकाने जे नाव सुचवलं, ते राहिलं. 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन नवीन', असं करत पार कोपऱ्यापर्यंत. सुनेने एकदा यावर टोकलं होतं. "नाव बाळाला ठेवतात," त्यांनी तिला सांगितलं होतं.

आणखी एक रीत होती, तिचा त्यांना जरा अभिमानच होता. संगणक अधूनमधून विचारी, अपडेट आलंय, आत्ता करू की आज रात्री करू? काका न चुकता 'आज रात्री' वर टिचकी मारत. मग झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करत आणि संगणकावर जुन्या पडद्याचं शिवलेलं झाकण घालत. झालं. रात्र यायची, पण संगणकाला वीज नसायची. वर्षानुवर्षं हा खेळ चालला होता. "नाही म्हटलं की ते जास्त मागे लागतं," ते म्हणत. "हो म्हणायचं आणि वीज काढायची."

अशा माणसाने प्रयोगाच्या दिवशी सकाळी झाकण काढलं, तर पडद्यावर कुठलासा निळा डोंगर उभा होता. डोंगराच्या डाव्या कडेला त्यांचे सगळे आवाज रेशनच्या दुकानापुढे असावी तशी रांग धरून उभे. दारं, ढग, कुत्रं, पावलं, सगळी एका मापाची आणि एका चेहऱ्याची. नवीन, नवीन दोन, नवीन नवीन.

काकांच्या पाचावर धारण बसली.

त्याला कारणही होतं. मंडळीत यंदा नवा दिग्दर्शक आला होता. पोरगा हुशार, वागायला गोड. परवाच्या तालमीनंतर त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "काका, हा प्रयोग तुम्ही करा. पण पुढच्या वेळेपासून आवाज मी माझ्या फोनवरूनच सोडावेत म्हणतोय. एवढा डबा उचलून आणता, मला वाईट वाटतं हो. तुम्ही आपले पहिल्या रांगेत मस्त बसून नाटक बघा." काकांनी आयुष्यात पहिल्या रांगेतून नाटक पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. आज एकही आवाज चुकता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि आजच हा डोंगर.

"कुणी हात लावला याला?" ते ओरडले.

घरात हात लावणारं होतं कोण? मुलगा सकाळीच कामावर गेलेला. काकू स्वयंपाकघरात. राहिली सून. ती एका धुलाई यंत्रांच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायचं काम करी आणि आज तिला सुट्टी होती. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"मी नाही लावला, बाबा."

"मग डोंगर स्वतःच्या पायांनी आला का?"

सुनेने कप खाली ठेवला. दिवसभर संतापलेल्या माणसांशी बोलून तिचा एक खास आवाज तयार झाला होता. तो तिने काढला.

"तुमची अडचण मला समजली. आता मी एकेक प्रश्न विचारते. यंत्र चालू आहे का?"

"मी काय कपडे धुतोय?"

"चालू आहे का, बाबा?"

"आहे."

"काल आणि आज यात काय फरक पडला?"

"डोंगर आला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही. रोजच्यासारखं आज रात्री म्हटलं, झाकण घातलं, झोपलो."

तो प्रश्न तिने तसाच बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. "आवाज गेलेत कुठं? सगळे आहेत की. एकेक लावून बघू या, म्हणजे कुठला कोणता ते कळेल."

काकांनी पहिल्यावर टिचकी मारली. काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यावर मारली, तरी शांतता. टेबलावरच्या थोरल्या स्पीकरच्या, काकांच्या भाषेत कर्ण्यांच्या, तारा ओढून पाहिल्या, काढून परत खोचल्या. कान लावला. अगदी ठणठणाट.

"मुकं झालं," काका म्हणाले. त्यांचा स्वर असा होता, की सुनेला क्षणभर हसू आवरावं लागलं.

"लगेच काही ठरवू नका. पुढचा लावा."

तेवढ्यात काकू हात पुसत लगबगीने बाहेर आल्या, दार उघडलं, जिन्यात डोकावल्या आणि दार लावून परत गेल्या. "कुणी नाहीये," त्या जाता जाता म्हणाल्या.

काकांनी तोच आवाज पुन्हा लावून पाहिला. काही नाही. काकू पुन्हा आल्या, पुन्हा दार उघडलं. या वेळी जिन्यात तोंड घालून म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरच्या कार्ट्यांनो, घंटा वाजवून पळता? तुमच्या आयांना सांगू का?"

"आई, कुणी वाजवली घंटा?" सुनेने विचारलं.

"तुम्ही दोघं दाराजवळ बसून बहिरे झालात का? मला ओट्याशी ऐकू येतेय."

सून सासऱ्यांकडे पाहायला लागली. सासरे पडद्याकडे. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, आता दुसरा कुठलाही लावा."

काकांनी रांगेतला शेवटचा लावला. स्वयंपाकघरात बंदुकीचा बार उडाला, पाठोपाठ पातेलं पडलं आणि त्यापाठोपाठ काकूंचा आवाज आला. तो मात्र कुठल्याही यंत्रातला नव्हता.

घोडं पेंड खात होतं ते इथं. ओट्यावर काकूंचा गाणी ऐकायचा डबीएवढा स्पीकर होता. मुलाने तो आणला, तेव्हा चालतो की नाही हे याच संगणकाला बिनतारी जोडून पाहिलं होतं. नंतर ते सगळे विसरून गेले. पण अपडेट होताच संगणकाला जुनी ओळख आठवली आणि त्याने आपला सगळा आवाज त्या डबीच्या पदरात घातला. टेबलावरचे थोरले कर्णे राहिले बाजूला.

सुनेने शोधून शोधून आवाज कुठून यावा ते ठरवायची जागा काढली आणि कर्ण्यांवर टिचकी मारली. खोलीत ढग गडगडले. काकांच्या जिवात जीव आला.

मग रांग सुरू झाली. सून आवाज लावी, काका डोळे मिटून सांगत.

"माझ्या आत्याचं दार. रागात."

"हे?"

"तेही आत्याचंच. पण राग उतरल्यावरचं. बिजागरीला तेल घातलं होतं."

"आणि ही पावलं?"

"आमच्या कचेरीतले साहेब. जेवून परत येतानाची. सकाळची याहून जड होती."

सून प्रत्येकाचं नाव तिथल्या तिथं लिहून तो त्याच्या जुन्या जागी नेऊन ठेवत गेली. काकांनी थोडी कुरकुर केली. "माझ्या जागेवर नेऊन ठेव नुसतं. नावं कशाला?"

"आमच्याकडे फोन येतो, ताई, ते तिसरं बटण दाबलं होतं. कुठलं तिसरं, विचारलं तर सांगता येत नाही. नाव असलं की मला घरबसल्या सांगता येतं," ती म्हणाली आणि लिहीतच राहिली.

बाळाचं रडणं, त्यावर काच फुटणं, त्यावर बाईची किंकाळी असं ओळीने वाजल्यावर खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या. दारातूनच त्यांनी घरभर नजर फिरवली आणि सुनेकडे जरा जास्तच निरखून पाहिलं.

"सगळं ठीक आहे ना? आणि बाळ कुणाचं?"

"नाटकातलं आहे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे आलं की गोड बातमी मीच सांगायला येईन. तुम्हाला ऐकत बसावं लागणार नाही."

वकीलबाई गेल्यावर सुनेला मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न आठवला. "पण बाबा, तुम्ही तर बटण बंद करता. मग रात्री हे झालं कसं?"

काका झाकणाची घडी घालू लागले. काकूंनी कणकेचे हात तसेच धरून उत्तर दिलं. "काल मी म्हटलं, थांबा, माझा फोन त्याच बटणावर चार्जिंगला लागलाय. तर हे बटण चालूच ठेवून, झाकण घालून झोपले. आता त्या यंत्राचं काय चुकलं? रोज हो म्हणता, एक दिवस त्याने खरं मानलं."

"म्हणजे मी हात लावला नव्हता," सून म्हणाली.

काकांनी घसा साफ केला. "चहा गार झाला असेल तुझा," ते म्हणाले, उठले आणि स्वतः तो कप गरम करायला घेऊन गेले. त्यांच्या घरात माफी अशीच मागितली जाई.

दुपारी निघताना काकू साडी बदलून तयार होत्या. "माझ्या फोनामुळे झालं ना? मग मीही येते. बघते तरी काय दिवे लावता." गाडीत डबा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला. संगणकाचा पडदा काकूंच्या मांडीवर. सून त्यांच्या शेजारी तारांचं गुंडाळं धरून.

विंगेत सगळं जोडलं आणि काकांनी बटण दाबलं. तारा काढून परत लावल्याचं निमित्त झालं की आणखी कशाचं, कोण जाणे, पण सकाळभर खपून मांडलेला रंगमंच पुन्हा मोडला होता. दारं, ढग, कुत्रं परत डावीकडे रांगेत. निळा डोंगर मोकळा.

तिसरी घंटा झाली होती. मांडायला वेळ नव्हता.

दिग्दर्शक मागे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फोन होता. "काका, सगळं बरोबर आहे ना? नाहीतर माझ्याकडे तयार आहेत आवाज."

काकांचा हात सवयीने वरच्या कोपऱ्याकडे गेला. तिथं आभाळ नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. मग खिशातून चष्मा काढला. विंगेत त्यांना चष्मा लावलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो नाकावर नीट बसवला आणि रांग वरून खाली वाचली. 'आत्याचं दार, रागात'. 'आत्याचं दार, राग गेल्यावर'. 'साहेब जेवून येताना'.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "नावानिशी आहे."

पडदा उघडला. काका नटांकडे बघत, सून रांगेकडे. "पाखरं," ते पुटपुटत आणि ती बोट ठेवून जागा दाखवी. टिचकी त्यांचीच. दार वेळेवर लागलं. साहेब वेळेवर जिना चढले. एकदा सुनेचं बोट कुत्र्याऐवजी बाळावर पडलं. काकांनी टिचकी मारण्याआधी चष्म्यातून वाचलं आणि तिचं बोट हलकेच एक घर खाली सरकवलं.

शेवटचा प्रसंग आला. नाटकातला म्हातारा बाप खुर्चीत बसलेला, काही वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या मुलीची वाट बघत. सगळं नाट्यगृह चिडीचूप. इथं घंटा वाजायची. काकांनी 'आपली घंटा' असं लिहिलेल्यावर टिचकी मारली.

घंटा वाजली. रंगमंचावर म्हाताऱ्याने मान वर केली. आणि प्रेक्षागृहात, शेवटून दुसऱ्या रांगेत, एक बाई पदर सावरत ताडकन उठल्या, "आले हं," म्हणाल्या आणि दोन माणसांचे पाय तुडवत निघाल्या. तिसऱ्याने हात धरून बसवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

पडदा पडला तरी दिग्दर्शक विंगेतून तिकडेच बघत होता. "काका, त्या कोण हो? माझ्या फोनातली घंटा तालमीत इतक्यांदा वाजवली, पण कुणी खुर्चीतून उठलं नाही."

"माझी बायको," काका म्हणाले. "घंटाही आमच्याच दाराची आहे."

दिग्दर्शकाने फोन खिशात टाकला. "पुढचा प्रयोग महिनाअखेरीला आहे. डबा उचलायला दोन मुलं पाठवतो मी."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "दोन कशाला? तो पुढच्या सीटवर बसून येतो," ते म्हणाले. आनंद झाला की ते असेच तुटक बोलत.

परत येताना मात्र काकू मान खाली घालून गाडीत बसल्या. चारचौघांत उठल्याची लाज अजून गेली नव्हती. काकांनी त्यांच्या मांडीवर संगणकाचा पडदा नीट ठेवला, मग न सांगता त्यांच्याही पाठीमागे एक उशी सरकवली.

"मला वाटलं, आपल्याकडेच कुणीतरी आलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर ती ठेवलीय," काका म्हणाले.

घरी पोचल्यावर सुनेने तारा जोडून दिल्या. पडदा उजळला, डोंगर आला आणि डोंगराच्या पायथ्याशी नवी चौकट उघडली. आणखी एक छोटं अपडेट बाकी आहे. आत्ता करू की आज रात्री?

काकांचं बोट उचललं गेलं आणि हवेतच थांबलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई, तुमच्या कंपनीत याला काय सांगतात?"

"खरं सांगायला सांगतात, बाबा."

काकांनी खूप वेळ विचार केला. मग त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, तुझा फोन आज कुठल्या बटणावर लावणार आहेस?"